रजेचं पान

मिलिंद अमेरिकेला निघाला त्या दिवशी एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीच्या गेटवर तीसचाळीस माणसं जमली होती. त्याच्या आईचं लक्ष मात्र एकाच वस्तूवर होतं. फाईल. तपकिरी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, त्याच्या प्रवेशाच्या कागदांची. कपड्यांची बॅग कोणी उचलली, चटणीचा डबा कुठे ठेवला, कशाचं तिला भान नव्हतं. फाईल तिने पदराखाली घट्ट धरली होती आणि जीप सुरू झाल्यावरच मुलाच्या हातात दिली. नाशिक रोडहून रेल्वे, पुढे मुंबई, तिथून विमान. विहारातल्या मंडळींनी हार घातला, वंदना झाली. आमच्या पाळीतला पगारे म्हणाला, "नाना, पोरगा डॉक्टर होऊन येणार. माझा गुडघा तेवढा त्याला दाखवायचा." मी म्हटलं, "तो कॉम्प्युटरचा डॉक्टर होणार हाय. तुझ्या गुडघ्याला करंट देईल." लोक हसले. सरूबाई, म्हणजे माझी बायको, हसली नाही. तिने मिलिंदला विचारलं, "परत कधी?"

"आई, सांगितलं ना. चार वर्षं, फार तर पाच."

"आन् मधी?"

"पहिलं वर्ष तर हलताच येत नाही. दोन सत्रं सलग तिथेच राहायचं, असा नियमच आहे. पुढचं पुढे बघू."

"नियम हाय तर मग काय," असं म्हणून तिने जीपच्या दांडीवरचा हात काढून घेतला.

मिलिंदचं ते नियमाचं वाक्य खरं होतं. एवढं मी त्याच्या बाजूने आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखं थोडं आहे.

हे मी कोणासाठी लिहितो ते सांगतो. वणीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे राहिलेल्या पुतण्यांसाठी. कॉलनीतल्या ज्यांची पोरं बाहेर गेली त्यांच्यासाठी. आणि गेलेल्या पोरांसाठी, वाचली तर. माझं शिक्षण सहावी. ऱ्हस्व-दीर्घ आमचे शेजारी गांगुर्डे गुरुजी यांनी नीट केलं आहे, ते हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. दोन-तीन शब्द फार कडक आहेत, काढा, असं ते म्हणाले. मी काढले नाहीत.

गाव सोडायचं म्हणजे काय हे मला मिलिंदच्या आधी माहीत होतं. एकलहऱ्याचं पॉवर स्टेशन नवीन होतं तेव्हा मी तिथे हेल्पर म्हणून लागलो. वय अडतीस. लोखंडी ट्रंक, बायको, दहा वर्षांचा मिलिंद आणि एक कंदील घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. माझे वडील स्टँडवर आले होते. ते म्हणाले, "आता तू पगाराचा माणूस. यायचं असलं की आधी कळवून ये. पाहुण्यानं कळवून यावं." मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. पुढच्या सणाला मी न कळवता गेलो तर भावजयीने दुसऱ्यांदा पीठ मळायला घेतलं आणि वडील म्हणाले, "कळवायचं होतंस." वणी ते एकलहरे दोन गाड्या बदलून अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण त्या दिवसापासून मी घरचा नव्हतो. माणूस किती लांब गेला यावर ते अवलंबून नसतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कॉलनीत दोन खोल्यांचा क्वार्टर मिळाला. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. दोरीवरच्या धोतरावर चिमणीची राख बसायची, सरूबाई ते झटकून पुन्हा वाळत घालायची. ती चौथी शिकलेली. पण मिलिंद जे पुस्तक आणी ते ती आधी वाचायची, अर्धं कळायचं, अर्धं त्याला विचारायची. गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, हे मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. मिलिंदने नाशिकला बी.एस्सी. केलं, पुण्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात लागला. तिथून तो कॉम्प्युटरला माहिती द्यायची, वापरून झालेली भोकांची कार्डं घरी आणायचा, गठ्ठेच्या गठ्ठे. जाड, गुळगुळीत कागद. त्याची आई पाठीमागच्या कोऱ्या बाजूला भोकं चुकवून सामानाची यादी लिहायची. वाण्याला ती कार्डं लय आवडायची.

एका रविवारी तो म्हणाला, मला अमेरिकेत डॉक्टरेट करायची आहे, इन्फर्मेशन सिस्टिममध्ये. मी विचारलं, ते काय असतं? तो म्हणाला, "नाना, तुमच्याकडे कोळशाची वाघीण येते. वजन होतं. रजिस्टरात लिहितात. रजिस्टर ऑफिसात जातं, साहेब चार दिवसांनी बघतो. तोवर कोळसा जळून गेलेला. ज्याला माहिती पाहिजे त्याला ती वेळेवर कशी पोचवायची, त्याचा हा विषय."

मी म्हटलं, "त्याला डॉक्टर कशाला पाहिजे? सायकलवाला शिपाई पुरे."

तो हसला. तेव्हा आम्ही हसायचो.

मग अमेरिकेहून नियमांची पुस्तिका आली. पातळशी, पिवळट कव्हराची. मिलिंद चुलीसमोर बसून वाचायचा आणि आम्हाला मराठीत सांगायचा. प्रवेशासाठी सोळा वर्षांचं शिक्षण पाहिजे. आपल्याकडे बी.एस्सी.ला पंधराच होतात, पण एम.एस्सी. धरून त्याची सतरा भरत होती. मी म्हटलं, आमच्या सात पिढ्यांची बेरीज केली तरी सोळा भरणार नाहीत. दोन परीक्षा, एक इंग्रजीची आणि एक गणित आणि डोक्याची, दोन्ही मुंबईला जाऊन द्यायच्या. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणं, एवढं आधी यायला पाहिजे. जे कमी पडेल ते तिथे जाऊन भरून काढायचं. मार्कांचे कागद विद्यापीठाने स्वतः सीलबंद पाकिटात पाठवायचे. मुलाने हातात घेऊन पाठवले तर चालत नाहीत. सरूबाई म्हणाली, "का? पोरावर इश्वास नाय का त्यांचा?" मिलिंद म्हणाला, "त्यांचा कोणावरच नसतो, आई. म्हणून तर नियम." दोन पानांचा निबंधही लिहायचा होता, मला हा अभ्यास का करायचा आहे यावर. तो आठवडाभर रखडला. मी म्हटलं, नोकरी पाहिजे असं लिही, संपलं. माझं कोणी ऐकलं नाही.

आणि तीन शिफारसपत्रं. यातली एक गोष्ट सांगतो. पुण्याचे त्याचे एक प्राध्यापक म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. आपल्याकडे सगळे असंच करतात म्हणे. मिलिंदला स्वतःची स्तुती लिहिता येईना. कागद पुढे घेऊन नुसता बसला. शेवटी त्याची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी सांगते, तू लिही." आणि तिने सांगितलं: हा मुलगा कामाला मागे हटत नाही. हा दुसऱ्याचं श्रेय घेत नाही. हा खोटं बोलत नाही. त्याने ते इंग्रजीत केलं, प्राध्यापकांनी खाली सही केली, पाकीट सील झालं आणि अमेरिकेला गेलं. त्या पत्रावर प्रवेश मिळाला असं नाही म्हणत मी. पण ते शेवटचं वाक्य कोणाचं होतं ते मला माहीत आहे.

प्रवेश झाल्यावर काय करायचं तेही पुस्तिकेत होतं. दोन वर्षं वर्ग. पगारासाठी आठवड्याला वीस तास तिथल्या पोरांना शिकवायचं. मग मोठी परीक्षा, आधी लेखी, मग तोंडी, दोनदाच बसता येतं; दोनदा नापास झाला तर घरी. मग चार प्राध्यापकांची कमिटी. त्यांच्यापुढे आपण काय शोधणार याचा प्रस्ताव मांडायचा आणि ते टोचून टोचून विचारतात. तो पास झाला की प्रबंध. शेवटी परत तोंडी. सगळं सात वर्षांत. आठवं लागलं की केलेलं सगळं वाया.

मला पुस्तिका पसंत पडली. खरंच. आमच्या प्लँटमध्ये कोळसा दळायच्या मोठमोठ्या गिरण्या असतात. आत काम निघालं की माणसाला उतरावं लागतं. उतरण्याआधी परमिट. गिरणी बंद, स्विचवर लाल पाटी, इंजिनिअरची सही. ज्याच्या नावाचं परमिट त्यानेच काम संपवून ते परत करायचं. तो बाहेर येऊन सही करीपर्यंत मोठ्यातला मोठा साहेब आला तरी त्या स्विचला हात लावत नाही. का, कशाला, विचारायचं नाही. या शिस्तीमुळे आमच्या पाळीत कोणाचं बोटसुद्धा गेलं नाही. मी मिलिंदचंही तसंच धरलं. तो आत उतरला आहे. परमिट त्याच्या नावावर आहे. तो बाहेर येऊन सही करीपर्यंत आपण हाक मारायची नाही. कागदावर काय लिहिलं आहे ते मी परत विचारलं नाही. परमिट कोणी उलटं करून वाचतं का? माझी चूक ही. शिकलेल्या माणसाने ती केली नसती, तो म्हणाला असता, बघू बरं.

पहिलं वर्ष तो आला नाही, नियम होता. दुसऱ्या वर्षी मोठी परीक्षा. तिसऱ्या वर्षी शिकवायचं काम. मी रिटायर झालो, क्वार्टर सोडला, इंदिरानगरला छोटं घर घेतलं. तेव्हा तिथे मोकळं रान होतं, संध्याकाळी सात वाजता रिक्षावाला यायला कुरकुर करायचा. सरूबाईने दारात मोगरा लावला आणि म्हणाली, "कोणाची राख नाय आता." मिलिंदची निळी पत्रं यायची, दोघांच्या नावाची. मी मोठ्याने वाचायला लावायचो, ती वाचायची.

पाचव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, फार तर चार महिने. तिला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. मी तार ऑफिसात गेलो, ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकावर बसलो तेव्हा लागला. मी म्हटलं, "तुझी आई आजारी हाय. बरी होणार नाय. ये."

मग तो म्हणाला, "नाना, आता सोडता येत नाही. माझा प्रस्ताव कमिटीपुढे आहे. मध्येच गेलो तर प्रवेश रद्द होतो. तसा नियम आहे."

"लिहिलेला नियम हाय?"

"लिहिलेला आहे."

"मग राहू दे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा म्हटलंसुद्धा नाही. लिहिलेलं आहे म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस काय बोलणार?

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या. नियम तो नियम." आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, केवढा धीर या बाईचा. मीच रडलो, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आज तो हात आठवला की अंगावर काटा येतो, कारण तेव्हा तिला सगळं माहीत होतं आणि मला काही नाही.

पावसाळ्यातला वर्षावास संपायला आठ दिवस होते तेव्हा ती गेली. मिलिंदला तार केली. पुण्यानुमोदनाला गावाहून, कॉलनीतून माणसं आली. जो तो विचारी, मिलिंद? मी छाती काढून सांगत होतो, "त्याला येता येत नाय. नियम हाय." पगारे नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला शंका आली असणार. त्याच्या पोराने त्याला बऱ्याचदा फसवलं होतं, त्यामुळे त्याचं नाक तयार होतं.

चार महिन्यांनी मी तिची ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीत ती पुस्तिका होती. मिलिंदने एक प्रत घरी ठेवली होती. मी ती घेऊन गांगुर्डे गुरुजींकडे गेलो. म्हटलं, "गुरुजी, ज्या नियमासाठी माझी बायको पोराचं तोंड न बघता गेली, तो नियम मला माझ्या कानांनी ऐकायचाय. पहिल्या पानापासून वाचा." शंका म्हणून नाही हो. मानाने. जसं एखादा दगडावर कोरलेलं नाव बोटाने चाचपतो तसं.

गुरुजी तीन दिवस वाचत होते, रोज चहाच्या वेळी. सोळा वर्षं आलं, सील आलं, दोन सत्रं आली, सात वर्षं आली. माझं पाठ होतं, मी त्यांच्या आधी बोलत होतो. तिसऱ्या दिवशी शेवटून तिसऱ्या पानावर ते थांबले. मी म्हटलं, "वाचा की."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. विद्यार्थ्याला स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणासाठी एक वर्षापर्यंत रजा घेता येईल. अर्ज विभागप्रमुखांकडे करावा. रजेचा काळ सात वर्षांत धरला जाणार नाही. प्रवेशाला बाधा येणार नाही.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"प्रवेश रद्द होतो असं कुठं हाय?"

"कुठेच नाही, नाना."

मी घरी कसा आलो आठवत नाही. इतकं आठवतं की मोगऱ्याला पाणी घालायची वेळ होती आणि मी घातलं नाही. आईबापापुढे खोटं बोलणारी पोरं मी पाहिली आहेत. सिनेमाला जातात आणि क्लासला गेलो म्हणतात. पण मरणाऱ्या आईच्या बाबतीत, लिहिलेला नियम म्हणून? मला इंग्रजी वाचता येत नाही, हे धरून? सहावी शिकलेल्या बापाला फसवायला डॉक्टरेट कशाला लागते?

गुरुजींना मी पत्र सांगितलं. चार ओळी. पान मिळालं. तू खोटं बोललास. तुझ्या आईचा तू कोणी नाहीस. या घराची पायरी चढू नकोस. पत्र लिहून झालं तर पान भरलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, मी चार ओळी सांगितल्या, या पंधरा कुठून आल्या?"

"तो मायना, नाना. खुशाली वगैरे."

"काढा ती खुशाली."

त्यांना दुसरं पत्र लिहावं लागलं.

उत्तर आलं नाही. वर्ष सरत आलं आणि एका सकाळी मिलिंदच दारात उभा. डोक्यावरचे केस मागे गेलेले. डॉक्टरेट झाली होती, ते त्याने सांगितलं नाही, मला नंतर कळलं. म्हणाला, "नाना, आत येऊ?"

"पायरी चढू नको लिहिलं होतं."

"वाचलं. म्हणून विचारतोय."

"चप्पल काढ," मी म्हटलं.

त्याने पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत भोकांची कार्डं. पाठीमागे तिचं अक्षर, गोल गोल, भोकं चुकवत लिहिलेलं. अकरा कार्डं. आजारपणात तिने त्याला वेगळी पत्रं पाठवली होती, पाकिटात घालून, माझ्या पाठीमागे. टाकायला गुरुजींची बायको जायची. नंतर मी वहिनींना जाब विचारला तर म्हणाल्या, "नाना, तिने माझ्या गळ्याची शपथ घातली होती, मी काय करू?" शेजारसुद्धा सामील.

मी म्हटलं, "वाच. मोठ्याने."

त्याने पहिलं वाचलं. ते माझ्या ट्रंक कॉलच्या तीन आठवडे आधीचं, गाठ निघाली तेव्हाचं होतं.

"मिलिंद, मला बरं नाही. तुझे नाना फोन करतील, ये म्हणतील. येऊ नको. तसा नियम आहे म्हणून सांग. ते माझं ऐकणार नाहीत पण नियमाचं ऐकतील. तू आलास आणि तुझं तिथलं हुकलं तर जन्मभर मनात धरशील. तुझे नाना अजून धरून आहेत. वीस वर्षं मी त्यांचं ऐकते, आई आजारी पडली नसती तर मी फोरमन असतो. तुझ्या तोंडून ते कोणाला ऐकावं लागू नये."

मिलिंद वाचायचा थांबला.

ती गोष्ट अशी. मी एकोणीस वर्षांचा असताना मनमाडकडे एका वर्कशॉपात काम शिकायला लागलो होतो. आई आजारी असल्याचा गावाहून निरोप आला. मी गेलो. आठ दिवसांनी आई गेली. परत आलो तर माझ्या जागी दुसरा पोरगा उभा होता. पुढची एकोणीस वर्षं मी लोकांच्या शेतावर राबलो, आणि फोरमन व्हायच्या वयात हेल्पर झालो. हे मी घरात किती वेळा बोललो असेन त्याला हिशेब नाही. साहेबाने झापलं की बोललो. पगारवाढ चुकली की बोललो. मिलिंदला अभ्यासाला बसवताना बोललो. त्या आठ दिवसांनी माझा जन्म खाल्ला, असं बोललो.

त्या आठ दिवसांत काय झालं ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही. आई कोणाच्या हातचं खात नव्हती, माझ्या हातचं खायची. पेज. चमच्याने नाही, बोटाने. मला ती लहानपणच्या नावाने हाक मारायची, ते नाव आता जगात कोणाला माहीत नाही. मला कोणी म्हटलं असतं की फोरमनकी घे आणि ते आठ दिवस दे, तर मी त्याच्या मुस्कटात मारली असती. पण हे बायकोला कधी बोललो नाही. असलं बोलायची आमच्यात पद्धत नाही. रडगाणं तेवढं मोठ्याने गायची पद्धत आहे. तिने जे ऐकलं त्यावरून तिने ठरवलं. ती तरी काय करणार?

तरी मी मिलिंदला सोडलं नाही. म्हटलं, "तिनं सांगितलं आन् तू ऐकलंस. तुला ते पान माहीत होतं."

"होतं."

"तुझा विषय काय रे? सांग परत."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

"सांग. ज्याला माहिती पाहिजे त्याला वेळेवर पोचवायची, असाच ना? इतकी वर्षं तेच शिकलास?"

"नाना, मलाही यायची भीती वाटत होती," तो म्हणाला. "आईने नको लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. सगळं तिच्यावर नाही टाकत."

हे त्याने तोंडावर सांगितलं म्हणून त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं.

बाकीची कार्डं त्याने पुढच्या दिवसांत वाचली. कशात डाळीची कृती, कशात माझ्या तक्रारी. "तुझे नाना मला चहा करून देतात, साखर विसरतात, मी सांगत नाही." अकरावं मात्र तो वाचीना. मी म्हटलं, वाच. म्हणाला, नको. मी हातात घेतलं. अक्षर वाकडंतिकडं झालेलं, भोकांवरूनच गेलेलं. सहावी शिकलेल्या माणसाला तेवढं वाचता येतं. चारच शब्द होते.

"आता वाटतं, ये बाळा."

ते त्याला ती गेल्याच्या तारेनंतर सहा दिवसांनी मिळालं.

मला राग आला, अजून आहे, आणि तो आता मिलिंदवर थोडा आणि तिच्यावर जास्त आहे. मी तिच्या उशाशी बसलो होतो. रात्रंदिवस. हाताच्या अंतरावर. तिला तो हवा होता आणि तिने सात समुद्रापार चिठ्ठी लिहिली, मला सांगितलं नाही. मला सांगायचं म्हणजे खोटं उघडं पाडायचं. त्यापेक्षा तिने तसंच राहणं पत्करलं. मी म्हटलं असतं, गेला खड्ड्यात नियम, आणि चालत तार ऑफिसात गेलो असतो. म्हटलं असतं का? असं मला वाटतं. आता ते कोण सिद्ध करणार? भांडायचं तर ती नाही. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाच फसवलं, आणि ते फेडायची सोयच ठेवली नाही.

मिलिंद पंधरा दिवस राहिला. आम्ही फार बोललो नाही. भाकरी मी करायचो, तो करपलेली न बोलता खायचा. एकदा म्हणाला, "नाना, तिकडे चला माझ्यासोबत." मी म्हटलं, "माझी सोळा वर्षं कुठं भरलीत?" तो हसला, मी नाही. जायच्या दिवशी स्टेशनवर विचारलं, राग गेला का. मी म्हटलं, नाय. तो म्हणाला, बरं. आणि वाकून पाया पडला.

आता तुम्ही विचाराल, घर कुठे. गावाला मी पाहुणा, ते वडिलांनीच सांगून ठेवलं होतं. क्वार्टरमध्ये दुसरा हेल्पर आला, त्याची पोरं तिथे मोठी होतायत. इंदिरानगरचं घर माझ्या नावावर आहे, पण तिथे एक खोटं चार महिने माझ्याच पलंगावर झोपलं होतं आणि मला कळलं नाही. भिंतींना घर म्हणायचं माझ्याकडून होत नाही. जे गावात राहिलात त्यांना वाटतं, गेलेल्यांना घर नाही. गेलेल्यांना वाटतं, आपण मागे ठेवलंय ते घर आहे, कधीही जाऊन उघडता येईल. दोघांनाही सांगतो. ज्या माणसाला "ये" म्हणायला तुम्हाला कारण लागत नाही, आणि जो "येत नाही" म्हणताना खरं कारण सांगतो, तो असला तर घर आहे. नसला तर पत्ता आहे.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उन्हाळ्याआधी ऑपरेशन करून घ्या. साधंच असतं, पट्टी बांधून आठ दिवस पडायचं. गुरुजी म्हणाले, आम्ही आहोत ना, त्याला कशाला एवढ्या लांबून. वहिनी म्हणाल्या, त्याला नवीन नोकरी, रजा मिळते की नाही कोण जाणे. मी दोघांचं ऐकून घेतलं. मग इंदिरानगरच्या पोस्टात जाऊन एक निळं हवाई पत्र विकत घेतलं आणि तिथल्या टेबलावर, दोरीला बांधलेल्या पेनने, माझ्या हाताने लिहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला माझ्या हाताने. "डोळ्यांचं ऑपरेशन आहे. ये. नाना."

खिडकीतल्या बाईने ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाली, "आजोबा, सगळा कागद कोराच आहे की. पैसे तेवढेच पडतात, लिहा अजून काहीतरी."

"लिहून झालंय, बाई," मी म्हटलं. "चिकटवा."